ओढ्यापलीकडच्या माळावर, जुन्या जीपनं

आम्ही जीप घेतली त्याला कारण झाली एक बैलगाडी.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर डावा पाय गमावून सोलापूरला घरी आला. पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. फौजेत तो ड्रायव्हर होता, आणि नव्या पोरांना गाडी शिकवायचं कामही त्याच्याकडं असायचं. घरी आल्यावर खिडकीशी खुर्ची टाकून तो रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज ऐकत बसायचा आणि कुणाचा गिअर खरडतोय ते सांगायचा. पुढं सरकारनं त्याला जमीन दिली. मोडनिंब सोडून टेंभुर्णीकडं जाताना हमरस्त्यावरून आत सहा-सात मैल, एका ओढ्यापलीकडं, नुसता माळ. तिथवर रस्ता म्हणून काही नव्हताच. दादा एकदा मोडनिंबातून बैलगाडी करून निघाला, पण गाडीच्या हिसक्यांनी अर्ध्या वाटेतच त्याच्या तुटक्या पायातून रक्त यायला लागलं. गाडीवानानंच बैल मागं वळवले.

मग आमचे चुलते गिऱ्हाईक घेऊन आले. जमीन विकून टाक, ते पैसे घालून पेठेत एखादं दुकान काढ, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. आईसुद्धा म्हणाली, "जिथं पाय ठिवता येत न्हाय ती जमीन काय करायचीय?"

दादा म्हणाला, "आई, न बघता लगीन करतेत. न बघता जमीन कुणी इकत न्हाई."

माझ्या या ब्लॉगवर अलीकडं बऱ्याच जणांनी विचारलंय की जुनी, छोटी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घेऊन पहिल्यांदाच आडरानात जायचं तर तयारी काय करावी. मी आता सत्तरी ओलांडलेली बाई आहे. ऑफ-रोडिंग हा शब्द मी म्हातारपणी ऐकला. पण ती तयारी आम्ही पंच्याहत्तर सालच्या सुरुवातीला केली होती, आणि त्यातलं बरंचसं आजही लागू पडेल असं मला वाटतं. म्हणून हे लिहिते.

पेट्रोलचे भाव त्याआधी वर्षभरात असे भडकले होते की ज्यांच्या दारात पेट्रोलवरची जीप होती ते ती कुणाच्या तरी गळ्यात बांधायला बघत होते. मोहोळजवळच्या एका रस्त्याच्या कंत्राटदाराकडं अशीच एक जीप होती. रंग उडालेला, ताडपत्रीचं छत फाटलेलं, दारं नाहीतच. इंजिन मात्र पहिल्या दणक्यात सुरू झालं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तेवीस वर्षांची होते आणि सायकलशिवाय काहीही चालवलेलं नव्हतं. परत येताना एस्टीत दादानं जाहीर केलं, "गाडी मी घेतो. चालवायची तू. क्लच दाबायला डावा पाय लागतो, तो तुझ्याकडं हाय."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या खिडकीतल्या खुर्चीचा मला कंटाळा आला होता, एवढं खरं.

कंत्राटदाराच्या माणसानं जीप विजापूर वेशीजवळच्या गफूरभाईंच्या गॅरेजात आणून दिली. गफूरभाई म्हणजे अंगानं भरलेला, मोठ्या आवाजाचा, हौशी माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ऐसा हिरवा रंग मारतौं, दुल्हन दिसेल! आणि हॉर्न? हॉर्न तर गाणाराच पाहिजे."

दादा खाली जमिनीवर बसून गाडीच्या पोटाखाली बघत होता. तो म्हणाला, "गफूरभाई, दुल्हन नको. पुढच्या चाकांकडं जाणारा दांडा कुटं हाय?"

सगळे वाकून बघायला लागले. दांडा नव्हताच. गिअरजवळ दोन छोट्या लिव्हर होत्या, एक पुढची चाकं जोडायची आणि दुसरी गाडीची ताकद वाढवून वेग कमी करायची. लिव्हर हलत होत्या, पण पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडाच कुणीतरी काढून टाकलेला. पेट्रोल वाचावं म्हणून तेव्हा लोक असं करायचे. म्हणजे चार चाकांची म्हणून घेतलेली आमची गाडी दोनच चाकांवर पळत होती.

तेव्हा पहिला सल्ला हा, की जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधी खाली वाका. रंग, काचा, सीट नंतर बघा. पुढच्या चाकांची लिव्हर टाकून मऊ जमिनीवर गाडी हलवून बघा, आणि पुढची चाकं खरोखर माती ओढतात का ते स्वतः उतरून पाहा.

मी एकटी परत मोहोळला गेले. कंत्राटदार जेवत होते. ते म्हणाले, "दांडा व्हय? असंल की गोठ्यात." तो खरंच तिथं होता, एका पडवीच्या वाशाला टेकू म्हणून लावलेला. त्याच्या जागी बांबू लावेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग दांडा पोत्यात गुंडाळला, एस्टीच्या टपावर चढवला आणि सोलापूरला आणला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे, तोफ का काय?" मी म्हटलं, "जवळजवळ."

पुढचे काही रविवार गॅरेजात गेले. दादा स्टुलावर बसून सांगायचा, गफूरभाई हुज्जत घालत करायचे. गिअर-डब्यातलं आणि दोन्ही धुऱ्यांतलं ऑइल काढलं तर ते ताकासारखं पांढरट निघालं. आत पाणी गेलेलं. ते बदललं. ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या. मागच्या कमानपाट्यांतलं एक पान मोडलेलं होतं, तेही बदललं. टायर नवे घ्यायचे की बॅटरी, यावर एक अख्खी दुपार वाद झाला. दोन्हीला पैसे पुरणार नव्हते. गफूरभाईंचं म्हणणं टायर, दादाचं म्हणणं बॅटरी.

"टायर गुळगुळीत असला तर हवा कमी करून भागवता येतं," दादा म्हणाला. "बॅटरी मेली तर रानात हँडल कोण मारणार? मी का ही?"

बॅटरी नवी आली. टायर आम्ही एकमेकांत अदलाबदल करून त्यातल्या त्यात बरे असलेले पुढं-मागं लावले.

गाडीत काय घेतलं तेही सांगते: बाभळीच्या दोन रुंद फळ्या, फावडं, रिकामी पोती, जाड दोरखंड, जॅक आणि जॅकखाली ठेवायला लाकडी पाट, कारण रेतीत जॅक स्वतःच खाली जातो. सायकलचा हवेचा पंप. पेट्रोलचा एक डबा आणि पाण्याचे दोन. स्पार्क प्लगच्या वायरींवर चढवायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून घेतले, म्हणजे ओढ्याचं पाणी उडालं तरी ठिणगी विझायला नको. गफूरभाईंनी त्यांच्या हौसेखातर हॉर्न बसवलाच. तो गात नव्हता, रेकत होता.

गाडी शिकले ती हिप्परग्याच्या तलावाकाठी, पाणी ओसरून भेगाळलेल्या जमिनीवर. दादा शेजारी कुबड्या मांडीवर घेऊन बसायचा. कधी ओरडला नाही. क्लच झटक्यात सुटून गाडी उसळली की म्हणायचा, "दुधावरची साय काढतीस न्हवं? तसा सोड पाय." मऊ जमिनीत शिरायच्या आधीच चारही चाकं जोडायची, रुतल्यावर नाही. चाक जागीच फिरायला लागलं की पाय काढायचा, हट्टानं रेस करत राहिलं तर आपणच आपला खड्डा खणतो. आणि स्टीअरिंग धरताना अंगठे आत घालायचे नाहीत. ते स्टीअरिंगच्या कडेवरच ठेवायचे. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टीअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडून टाकतं.

"किती जणांचे मोडलेले बघितलेस?" मी विचारलं.

"माझाच मोडला होता की," तो म्हणाला.

गिऱ्हाईकाला दादानं पुढच्या आठवड्यात शब्द देतो असं सांगितलं होतं. म्हणून एका शनिवारी शाळेतून रजा घेतली आणि फटफटायला आम्ही निघालो. आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदे बांधून दिले. ती गाडीकडं न बघता म्हणाली, "बघून ये आन इकून टाक बाबा, म्हणजे सुटशील." दादानं तिच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. तिनं वर धरला.

पुण्याचा रस्ता तेव्हा अरुंद होता. समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकानं डांबर सोडून खाली उतरायचं, आणि उतरायचो ते नेहमी आम्हीच. मोहोळपर्यंत माझे खांदे आखडून गेले होते. त्यानंतर मात्र उजेड झाला, दोन्ही बाजूला काढणीला आलेली ज्वारी दिसायला लागली, आणि मला अचानक जाणवलं की बराच वेळ झाला, आपण गिअरचा विचारच केलेला नाही. दादाही काही सांगत नव्हता. तो टोपी काढून वारं घेत बसला होता.

मोडनिंबाला चहाला थांबलो. गरम भजी निघत होती. बाकावरच्या एका पटकेवाल्यानं दादाच्या कुबड्या बघितल्या, जीप बघितली आणि विचारलं, "सायेब, डायवर कुटं गेला तुमचा?"

दादानं माझ्याकडं हनुवटी केली. "ह्यो काय, वेणी घातलेला."

सगळा बाक माझ्याकडं वळला. मग एक म्हातारा म्हणाला, "बरं हाय की. दारू तरी प्यायचा न्हाय." सगळे हसले आणि चहावाल्यानं आमच्या पुढ्यात आणखी भजी ठेवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढं ओढ्याकडं जायची गाडीवाट कुठं फुटते ते तिथंच विचारून घेतलं.

हमरस्ता सोडला तिथं गाडी थांबवून टायरची हवा निम्म्यावर आणली. आजही हे पहिल्यांदा करताना जिवावर येईल तुमच्या. चांगल्या टायरची हवा सोडायची म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटतं. पण त्यानं टायर पसरतो आणि दगडांवरचे हिसके निम्मे होतात. दादासाठी तेच महत्त्वाचं होतं. त्याच्या बैठकीखाली मी गोधडीची जाड घडी घातली होती. ताकदीची लिव्हर टाकली, चारही चाकं जोडली आणि बैलगाडीच्या चाकोरीतून माणसाच्या चालीनं निघालो. बांधावर नाक वर करून चढायचं आणि पलीकडं गाडी गिअरमध्येच ठेवून, ब्रेक न मारता उतरायचं. मी प्रत्येक बांधाला त्याच्याकडं चोरून बघायची. त्याचा जबडा घट्ट होता, पण तो थांब म्हणाला नाही.

ओढा रुंद होता आणि कोरडा. दोन्ही काठांमध्ये नुसती वाळू, मधोमध मेंढपाळांनी पिण्याच्या पाण्यासाठी उकरलेला कमरेएवढा झिरा, त्याच्या तळाशी निवळ पाणी. एक बाई वाटीनं घागर भरत होती. झिऱ्याला वळसा घालून, न थांबता, एका चालीत आम्ही पलीकडं चढलो. चढावर पुढची चाकं माती ओढायला लागली तेव्हा मला पडवीतला तो दांडा आठवला आणि मी मोठ्यानं हसले.

दादाची जमीन तिथूनच सुरू होत होती.

तिथं काय होतं? मुरूम, दगड, वाळकं कुसळी गवत, बोराट्या, एक जुनं लिंबाचं झाड, आणि त्याच्या सावलीत मेंढरांचा तळ. सांगोल्याकडचं कुटुंब होतं. घरधन्याचं नाव बिरू. पन्नाशीचा, काटक, मोजकं बोलणारा. झिऱ्यावर भेटलेली ती त्याची बायको, जनाबाई. त्याचे दोन भाऊ मेंढरं घेऊन लांब गेले होते. जमिनीचा मालक आला म्हटल्यावर बिरूनं घाईनं पटका सारखा केला. आता हाकलून देणार असं त्याला वाटलं असणार.

दादा खाली उतरला आणि कुबड्यांवर चालायला लागला. दगडांत कुबडीचं टोक ठरत नव्हतं. थोडं पुढं जाऊन तो पडला. मी धावले, तर त्यानं हात वर करून मला जागेवरच थांबवलं. तो तसाच बसून राहिला, हातानं माती उकरली, मुठीत घेतली, वास घेतला. मग उठला. पुन्हा पडला. सगळा माळ असा त्यानं दुपारभर बघितला. मी लिंबाखाली जनाबाईजवळ बसून होते. ती म्हणाली, "बाई, तुमी बघू नगा तिकडं. बघितलं की माणूस जास्त पडतंय."

संध्याकाळी तो परत आला तेव्हा तळहात सोलवटलेले होते. जनाबाईनं हुलग्याचं गरम माडगं दिलं, बाजरीच्या भाकरी दिल्या. आमची शेंगाची चटणी तिला भारी आवडली. जेवता जेवता दादानं बिरूला सरळ विचारलं, "हितं काय पिकंल?"

"ज्वारी न्हाय पिकायची," बिरू म्हणाला. "बोरं येतील. सीताफळ यील. शेरडं-मेंढरं जगतील. पानी ओढ्यात हाय, वाळूखाली, बारा म्हयनं."

"आन मी? मी जगंन का?"

बिरूनं भाकरीचा तुकडा मोडला. "राग मानू नगा, सायेब. तुमाला हितं जमायचं न्हाय. आमी दोन पायांचं मानूस, तरी टेकीला येतो."

मला त्याचा भयंकर राग आला. दादाला आला नाही. तो म्हणाला, "खरं बोललास." उत्तरेला ढग भरून आले होते आणि लांबवर विजा होत होत्या. आमच्यावर चार थेंब पडले तेवढेच. मी जीपच्या ताडपत्रीखाली झोपले. दादा तळावरच आडवा झाला.

सकाळी उठलो तर ओढ्याला पाणी. गुडघ्याच्या खाली, पण गढूळ आणि वाहतं. वरच्या अंगाला अवकाळी झाली होती. बिरू काठावर उभा राहून पाण्याकडं बघत म्हणाला, "अजून वाढनार. जायचं तर आत्ताच निगा."

घाई झाली तरी आम्ही तयारी सोडली नाही. वायरींवर ट्यूब चढवल्या. पंख्याचा पट्टा काढून ठेवला, नाहीतर पंखाच पाणी उडवून इंजिन बंद पाडतो. मी काठी घेऊन आधी पायी ओढा ओलांडून आले, कुठं खोल आहे ते बघितलं. पाऊलभर इकडं तिकडं करत वाट पक्की केली. झिरा कुठं होता ते मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. पण पाण्यानं रात्रीत त्याची कड ढासळवून तो चांगलाच रुंद केला होता.

मधोमध आल्यावर पुढचं डावं चाक धाडकन खाली गेलं. स्टीअरिंग माझ्या हातातून फिरलं. घाईत अंगठा कधी आत गेला होता, मला कळलंच नव्हतं. कळ डोक्यात गेली. इंजिन बंद पडलं. एकदम फक्त पाण्याचा आवाज.

मी अंगठा हलवून बघितला. तो हलत नव्हता, आणि उजव्या हाताची मूठच वळत नव्हती. तोवर बिरू, रात्री तळावर परतलेले त्याचे दोन्ही भाऊ आणि जनाबाई पाण्यात उतरले होते. त्यांनी फळी चाकासमोर खुपसली, पोत्यांत वाळू भरून भरून खड्ड्यात टाकली. पाणी आता गुडघ्याला लागत होतं. वरच्या बाजूनं काटक्या आणि फेस वाहत येत होता. बिरू दादाजवळ आला आणि पाठ करून वाकला.

"सायेब, पाठीवर बसा. गाडी ऱ्हाऊ दे. मानूस महत्त्वाचं."

दादानं त्याच्या पाठीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं.

"कुसुम," तो म्हणाला, "उतर खाली. मला सरकू दे."

"दादा, क्लच?"

"क्लच लागत न्हाय. उतर."

मी त्याच्या कुबड्या घेऊन पाण्यात उतरले. तो हातांवर अंग पेलून गिअरवरून पलीकडं सरकला, स्टीअरिंगमागं बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ताकदीची लिव्हर जागेवर आहे का बघितलं, पहिला गिअर टाकला. मग मला ओरडून म्हणाला, "मी म्हणलं की ढकला. आन मी सुटलो की थांबणार न्हाय!"

त्यानं उजव्या पायानं खालचं स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी गिअरमध्येच होती. स्टार्टर कण्हला. इंजिन सुरू नाही, क्लच नाही, आणि नुसत्या बॅटरीच्या जोरावर जीप इंचाइंचानं पुढं सरकायला लागली. हे असं होऊ शकतं हे शाळेत विज्ञान शिकवत असूनही मला सुचलं नसतं. सगळ्यात खालच्या गिअरला स्टार्टरच गाडी ओढतो, थोडा वेळ, बॅटरी ताजी असेल तर. "ढकला!" आम्ही पाचजणांनी खांदे लावले. चाक फळीवर आलं, घसरलं, पुन्हा आलं. स्टार्टरचा आवाज खोल जायला लागला. आता बॅटरी जाणार, असं वाटलं आणि त्याच क्षणाला इंजिनानं एक ठसका दिला, दुसरा दिला, आणि धरलं.

जीप झिऱ्यातून वर आली. पाणी कापत काठाला भिडली, चढली, आणि खरोखरच थांबली नाही. दादा सरळ गाडीवाटेनं निघाला. मी त्याच्या कुबड्या काखेत मारून, ओलं लुगडं आवरत, दुखरा हात छातीशी धरून मागं पळत होते आणि ओरडत होते, "थांब, पट्टा घालायचाय, इंजिन तापंल!" तो एक हात वर करून हॉर्न वाजवत होता. रेकणारा तो हॉर्न सगळ्या शिवारात ऐकू गेला असेल. शेवटी एका बांधाशी त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मी पोचले तेव्हा तो स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता ते मी विचारलं नाही.

बिरू आणि त्याची माणसं पाणी आणखी चढायच्या आत पलीकडं परतली होती. काठावरून त्यानं हाक दिली, "सायेब, परत येताय न्हवं?"

"पावसाळ्याच्या आधी!" दादा ओरडला. "लिंबाखालची जागा मला ठेव!"

पंख्याचा पट्टा पुन्हा चढवला. हमरस्त्याच्या अलीकडं पंपानं हवा भरली. अर्धी त्यानं बसून, अर्धी मी डाव्या हातानं. माझा अंगठा कापडानं बांधला. तिथून सोलापूरपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एक ड्रायव्हर केला. स्टीअरिंगमागं मी, क्लच-ब्रेक माझे, गिअर शेजारून दादा टाकायचा. "टाक" म्हटलं की मी पाय दाबायची आणि तो दांडा सरकवायचा. मोडनिंबापर्यंत आम्हाला ते इतकं जमलं की "टाक" म्हणायचीही गरज उरली नाही.

गिऱ्हाईक आलं तेव्हा दादा जीपच्या चाकाशी बसून चिखल खरवडत होता. तो वर न बघता म्हणाला, "जमीन इकायची न्हाय." चुलते महिनाभर बोलले नाहीत. आई जास्त दिवस बोलली नाही.

तुम्ही सफरीचा हिशेब विचाराल तर पेट्रोलच काय ते महाग पडलं. अंगठा पुढं गार हवेत दुखायचा, आजही दुखतो. मला ड्रायव्हिंग आलं, ते आयुष्यभर पुरलं. पण माझ्याजवळ राहिलं ते पाण्यात उभी राहून ऐकलेलं स्टार्टरचं कण्हणं. जगात पुरेशी ताकद आहे की नाही हे कळायच्या आधीचा तो एवढासा वेळ. पुढं पुष्कळ अडचणी आल्या. त्या प्रत्येक वेळी मी मनात तेवढा वेळ थांबत आले.

महिन्याभरानं गफूरभाईंनी क्लचला एक लोखंडी दांडा जोडला आणि तो दाराच्या बाजूनं वर आणला, हातानं ओढायचा. दोनदा वेल्डिंग सुटलं, तिसऱ्यांदा धरलं. दादानं हिप्परग्याला एकट्यानं सराव केला. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाला.

मग एके सकाळी तो माळावर राहायला निघाला. मी नेहमीसारखी शेजारच्या सीटवर चढायला गेले, तर तिथं बोरीची आणि सीताफळाची रोपं पोत्यात बांधून ठेवलेली. मागं पत्रे, बाज, स्टोव्ह. मी खाली उतरले. तो म्हणाला, "शाळेला उशीर हुईल तुला," आणि इंजिन सुरू केलं.

आई दारात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती गाडीकडं नीट बघत होती. जीप गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

"जाताना हात तरी करायचा की," आई म्हणाली.

"कसा करणार," मी म्हटलं, "दोन्ही हात गुंतलेत त्याचे."